नातेवाइकांना ड्रेस्डेन माहीत नाही, मग?

काका, स.न.वि.वि.

मी औसा तालुक्यातली. संभाजीनगरला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पाचवं सेमिस्टर चालू आहे. आमच्या कॉलेजचे परदेशातल्या काही विद्यापीठांशी करार आहेत आणि यंदा एक्स्चेंज सेमिस्टरसाठी माझं नाव निघालंय. म्युनिक, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन असे तीन पर्याय आहेत. तिथली फी लागत नाही, इथली भरायचीच आहे. राहण्या-खाण्याचा खर्च आपला. सहाव्या सेमिस्टरला जायचं की सातव्या, तेही आम्हीच ठरवायचं. माझी रूममेट म्युनिकला जातेय. ती म्हणते, सोबत चल, दोघी मिळून एक खोली घेऊ. आईलाही तेच बरं वाटतं. मामा म्हणतात, म्युनिक म्हटलं की चारचौघांना कळतं, ड्रेस्डेन कुणाच्या ऐकण्यात तरी आहे का? अप्पा काहीच बोलत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात आमचं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हापासून पैशाचा विषय निघाला की ते उठून गोठ्याकडे जातात. मला पाण्याच्या विषयात पुढं जायचंय. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी चौथीत होते, अप्पांनी मला ते बघायला स्टेशनवर नेलं होतं. मी कोणतं शहर निवडू? आणि आई विचारतेय, लेकरू तिथं खाईल काय?

– औसा तालुक्यातली एक विद्यार्थिनी

बाळा,

पत्र दोनदा वाचलं. त्यात तीन शहरं आहेत, रूममेट आहे, मामा आहेत, आईची काळजी आहे, अप्पांचं गप्प बसणं आहे. नाही ते एवढंच, की तिथं जाऊन तू शिकणार काय. ‘पाण्याच्या विषयात’ म्हणजे पैठणच्या खालच्या गोदावरीच्या पात्राएवढं रुंद झालं. जलविज्ञान, हायड्रॉलिक्स, सिंचन, भूजल, की सांडपाणी? यातलं काय, हे आधी ठरव.

मामांचं मात्र लगेच उरकून टाकू. ज्यांना ड्रेस्डेन माहीत नाही त्यांना म्युनिकही बीएमडब्ल्यूच्या पुढं माहीत नसतं. उद्या तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत ‘जर्मनी’ एवढंच छापलं जाईल, गावाचं नाव कुणी छापत नाही. तेव्हा मामांचं मत मोजायचं नाही.

आता सहावं की सातवं. तुला हा बारीक प्रश्न वाटतोय, पण शहराचा निम्मा निकाल इथंच लागतो. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं कागदोपत्री असतं. प्रत्यक्ष तास हिवाळ्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, उन्हाळ्यात एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत. परीक्षा त्यानंतर. तू सातव्या सेमिस्टरला गेलीस तर इथं कंपन्या कॅम्पसला येत असतील तेव्हा तू तिथं विम्याचा फॉर्म भरत असशील, आणि परत येशील तोवर आठव्याचा प्रोजेक्ट अर्ध्यावर आलेला असेल. म्हणजे एका सेमिस्टरसाठी दोन सेमिस्टरं विस्कटायची. सहाव्याला गेलीस तर जानेवारी ते मार्च इथंच हाताशी राहतात. त्यात व्हिसाचं काम आणि भाषेची तयारी होते. ऑगस्टमध्ये परत आलीस की सातव्याचे तीन-चार आठवडेच बुडतात, ते भरून निघतात. शिवाय एप्रिल-मेमध्ये तिथं दिवस मोठा होत जातो. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, आणि मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडीपेक्षा तो अंधार जास्त लागतो. मी तो काढलाय. तू सहाव्याला जा.

आता विषय. कॉलेज तुला यादी देईल ती शहरांची. तू मागायची ती त्या सत्रात, इंग्रजीतून, एक्स्चेंजवाल्या मुलांसाठी खरोखर खुल्या असलेल्या विषयांची. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. वेबसाइटवर विषय दिसतो, पण तो फक्त हिवाळ्यात असतो. किंवा असतो उन्हाळ्यात, पण शिकवतात जर्मनमधून. किंवा इंग्रजीतून असतो, पण मास्टर्सच्या मुलांसाठी, आणि तुला आधी प्राध्यापकांची परवानगी काढावी लागते. मिळते ती बऱ्याचदा. ईमेल नीट लिहिलं, आपल्याकडे आतापर्यंत काय शिकलो त्याचा अर्धा पानभर तपशील जोडला की मिळते. पण ईमेल तू लिहायचं, इथं बसून, निघण्याच्या चार महिने आधी.

आणि मग त्या विषयांचा कागद करायचा. लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात त्याला. तिथला अमुक विषय इथल्या अमुक विषयाच्या बदल्यात धरला जाईल, असं लिहून तिन्हीकडच्या सह्या: तुझी, तिथल्या विद्यापीठाची, तुझ्या कॉलेजची. तोंडी ‘होऊन जाईल गं’ म्हणतील, त्यावर विमानात बसायचं नाही. माझा एक भाचा असाच गेला होता. गाव, कॉलेज सांगत नाही. विभागप्रमुखांनी खांद्यावर हात ठेवून ‘आम्ही बघून घेऊ’ म्हटलं. पोरगा परत येईपर्यंत ते प्रमुख बदलले होते. नव्या साहेबांनी पाचांपैकी दोन विषय जुळत नाहीत म्हणून फेटाळले. युरोपचे फोटो दाखवत फिरायच्या दिवसांत हा ज्युनिअर पोरांबरोबर बॅकलॉगच्या परीक्षेला बसला.

आता शहरांकडे येतो. डेल्फ्टपासून सुरू करतो, कारण तिथं माझा जीव अडकलाय.

मी पाटबंधारे खात्यात होतो. नव्वदीच्या दशकात खात्यानं आम्हा चौघांना डेल्फ्टला पाण्याच्या अभ्यासक्रमाला पाठवलं होतं, अकरा महिन्यांसाठी. तिथं १९५७ पासून खास परदेशी इंजिनिअरांसाठी जलशिक्षणाची संस्था आहे. ज्या माणसानं आयुष्यभर ‘धरणात किती टक्के’ एवढंच ऐकलं, तो अशा देशात उतरला जिथं चतुर्थांशाहून जास्त जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि पाणी बाहेर फेकायला रात्रंदिवस पंप चालतात. ३१ जानेवारी-१ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत घुसला आणि १,८३६ माणसं गेली. त्यातून त्यांनी डेल्टा वर्क्स नावाची बांधांची साखळी उभी केली. त्यातला एक बांध बघायला गेलो तेव्हा माझ्या हाताला घाम आला होता. सांगायचं हे, की पाण्याच्या माणसासाठी डेल्फ्ट म्हणजे पंढरपूर.

आणि तिथं आम्ही केलं काय? चौघांनी मिळून रोज वरण-भात लावला. रविवारी ट्रामनं हेगला जायचो. तिथं सुरीनामहून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची दुकानं आहेत. १८७३ पासून भोजपुरी मजूर सुरीनामला नेले, त्यांची ही पोरं-नातवंडं. मेथी, कारली, तूरडाळ सगळं मिळायचं. येताना पिशव्या भरून आणायच्या, पत्ते खेळायचे, नाशिकच्या एका साहेबांच्या बदलीवर चर्चा करायची. अकरा महिने गेले. तिकडं शतकानुशतकं जुनी पाणी मंडळं आहेत. त्यांचे सभासद लोक मतदानानं निवडतात, शेतकरी त्यात बसतो, कर ठरवतो. आम्हाला एकदा अशा मंडळाच्या कचेरीत नेलं होतं. चहा घेतला, फोटो काढला, आलो. पुढं २००५ मध्ये आपल्याकडे शेतकऱ्यांनीच सिंचन व्यवस्थापन करायचा कायदा आला, पाणी वापर संस्थांना कायद्याचं बळ मिळालं. तेव्हा कालव्याच्या शेपटाच्या एका गावात एक म्हातारा मला म्हणाला, ‘सायेब, तुमी हॉलंडला होता म्हणं. ते लोक पाळीचं भांडण कसं मिटवतात?’ मला सांगता आलं नाही. मी पवनचक्क्यांचं वर्णन केलं.

म्हणून रूममेटसोबत एका खोलीत राहायचा बेत मला पटत नाही. पोरगी वाईट आहे म्हणून नव्हे. दोघी मिळून औशाची एक खोली जर्मनीत उघडाल, एवढंच होईल.

बरं, डेल्फ्ट एवढं पंढरपूर आहे तर तुला तिथं का पाठवत नाही? दोन कारणं. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात सिव्हिलची पदवी डच भाषेतून शिकवतात. मास्टर्स इंग्रजीतून आहे. पदवीच्या एक्स्चेंजवाल्यांना मायनर म्हणून जे विषयांचे गट देतात, ते सप्टेंबर ते जानेवारीच्या सत्रात असतात. तू जाणार त्यांच्या दुसऱ्या सत्राला, जे फेब्रुवारीत सुरू होतं. म्हणजे ताटावर बसायचं आणि पंगत उठलेली असायची. दुसरं कारण खोली. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांच्या घरांची टंचाई एवढी आहे, की तिथल्या काही विद्यापीठांनी उघडपणे सांगितलं होतं, ऑगस्टपर्यंत राहायची सोय झाली नाही तर येऊ नका. डेल्फ्ट आहे लहान, लाखभर वस्तीचं, आणि त्यात विद्यार्थी किती! मास्टर्सला जायचं झालं तर डेल्फ्टचाच अर्ज भर, मी शिफारस लिहीन. आता नको.

म्युनिक. चांगलं शहर आहे, नाव ठेवायला जागा नाही. तिथलं तांत्रिक विद्यापीठ १८६८ चं. इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय तिन्हींत बहुधा तिथंच जास्त भरतील. पाण्याची त्यांची प्रयोगशाळा शहरात नाही, दूर दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी ओबरनाख इथं आहे. २०२४ च्या हिवाळ्यापासून त्यांनी युरोपबाहेरच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना फी लावली. ते ऐकून कुणी घाबरवलं तर लक्ष देऊ नकोस, एक्स्चेंजला ती नाही. अडचण आहे भाड्याची. जर्मनीतलं सगळ्यात महाग भाडं म्युनिकचं. विद्यार्थी वसतिगृह मिळालं तर गोष्ट वेगळी. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या वस्तीत आता मुलं राहतात, रंगवलेल्या छोट्या बंगल्यांमध्ये, फार गोड जागा आहे. नाही मिळालं तर बाहेरची खोली सातशे-आठशे युरोच्या घरात. तुमचा दोघींचा एका खोलीचा बेत मुळात इथूनच निघालाय, हे तुझ्या लक्षात आलं का? सोबत हवी म्हणून कमी, भाडं परवडत नाही म्हणून जास्त. आणि तिकडं एका माणसाच्या खोलीत दोघं राहणं घरमालकाला न सांगता चालत नाही. आपल्याकडं कॉट बेसिसवर चार पोरं राहतात, तसलं काही तिथं करू नका.

ड्रेस्डेन. हे नाव तुला कुणी नीट सांगितलेलं नाही म्हणून मी सांगतो.

एल्बे नावाच्या नदीवरचं हे शहर, सॅक्सनी राज्याची राजधानी. बर्लिनहून रेल्वेनं दोनेक तास, प्रागहून अडीचेक. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात मधलं शहर बेचिराख झालं. कोसळलेलं मोठं चर्च जुने दगड वेचून पुन्हा बांधलं, ते पुरं झालं २००५ मध्ये. किल्लारीनंतर आपण गावं नव्या जागी नेली, त्यांनी दगड जागेवर परत लावले. सिव्हिलच्या पोरीनं यावर एक अख्खी दुपार घालवावी.

पण तुझ्यासाठी खरी गोष्ट पुढं आहे. नदी कशी वागेल हे लहान प्रतिकृतीवर करून बघायची जी पद्धत आहे, जी १९१६ मध्ये निघालेल्या आपल्या खडकवासल्याच्या पाणी संशोधन केंद्रातही चालते, तिची पहिली कायमची नदी-प्रयोगशाळा ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात निघाली. १८९८ मध्ये ह्युबर्ट एंगेल्स नावाच्या प्राध्यापकानं काढली. आजही तिथल्या प्रयोगशाळेला त्याचं नाव आहे. जलविज्ञानाचा वेगळा विभाग आहे, आणि त्यांचा मास्टर्सचा एक अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीतून चालतो. तुझी विषयांची यादी तिथून निघेल. बाकी सिव्हिल जर्मनमधूनच, हे लक्षात ठेव.

आणि शहरच पाण्याचा धडा आहे. ऑगस्ट २००२ मध्ये एल्बेनं ड्रेस्डेनला ९.४० मीटरची पातळी गाठली. मुख्य रेल्वे स्टेशनात पाणी शिरलं, चित्रं-पुतळे तळघरांतून रात्रीत वर काढावे लागले. २०१३ ला नदी पुन्हा चढली, पण तोवर त्यांनी हलवता येणाऱ्या पूरभिंती वगैरे केल्या होत्या आणि नुकसान कमी झालं. तू लहानपणी पाण्याची आगगाडी बघितलीस आणि मोठेपणी घरचं सोयाबीन पुरात गेलेलं बघितलंस. नऊ-दहा वर्षांत एकाच जिल्ह्यात दोन्ही! एक पूर आणि दुसरा पूर यांच्या मधल्या अकरा वर्षांत त्या शहरानं नेमकं काय केलं, कुणी पैसे दिले, कुणी विरोध केला, हे विचारायला तुझ्याएवढं योग्य माणूस मला दुसरं दिसत नाही. मांजरा-तेरणाकाठी परत येऊन तुला हे कुणीतरी विचारणारच आहे. त्या वेळी तू पवनचक्क्या सांगू नयेस.

पुलाचं एक राहिलं. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे तिथला कारोला पूल, १९७१ मध्ये पुरा झालेला, एका बाजूनं नदीत कोसळला. ट्राम त्यावरून जायची. काही मिनिटांपूर्वीच शेवटची ट्राम गेली होती, कुणाला इजा झाली नाही. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या आतल्या, ताणून बसवलेल्या पोलादी तारांना बांधकामाच्या काळापासूनच गंजानं सूक्ष्म तडे जात होते, वरून दिसण्यासारखं काही नव्हतं. तपासात विद्यापीठातलेच प्राध्यापक होते. पुस्तकात ‘स्ट्रेस कोरोजन’ म्हणून दोन ओळी वाचल्या असशील. तिथं त्या दोन ओळींनी अख्ख्या शहराची वाहतूक बदलली. (याच शहरानं दुसरा एक पूल हट्टानं बांधला म्हणून २००९ मध्ये युनेस्कोनं त्याचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला. पुलांच्या बाबतीत गाव अभागी आहे.)

खोलीचं भाडं म्युनिकच्या निम्म्याच्या आसपास. वसतिगृहासाठी स्टुडिएरेंडेनवेर्क नावाची विद्यार्थी कल्याण संस्था असते, करारपत्र हातात आलं त्याच दिवशी तिथं अर्ज टाक. बाहेर खोली बघितलीस तर एक ध्यानात ठेव: ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठव, किल्ली कुरिअरनं येईल’ असं म्हणणारा माणूस कधीही घरमालक नसतो.

आता न आवडणारं. ड्रेस्डेनमध्ये २०१४ पासून काही वर्षं दर सोमवारी परदेशी लोकांविरुद्ध मोर्चे निघायचे. २०२४ च्या सॅक्सनीच्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा पक्ष तीस टक्क्यांच्या वर मतं घेऊन दुसरा आला. विद्यापीठाच्या परिसरात तुला बहुधा काही जाणवणार नाही. ट्राममध्ये कुणी तिरकं बघेल, दुकानात कुणी जर्मनमधून काहीतरी तुसडं बोलेल, हे होऊ शकतं. तिथं आत्ता शिकणाऱ्या दोन-तीन भारतीय मुलींना गाठ, आणि रात्री कुठल्या भागातून एकटं यायचं नाही हे त्यांनाच विचार. हे मी सांगतो त्यापेक्षा त्या खरं सांगतील. आईला मोर्च्यांचं सांगायचं की नाही ते तू ठरव. मी असतो तर सांगितलं असतं, नाहीतर शेजारचा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि मग निस्तरणं अवघड जातं.

भाषा थोडी शिकून जा. जानेवारी ते मार्च रोज दीड तास दिलास तर दुकान, ट्राम, डॉक्टर एवढं जमतं. तुमच्या शहरात मिलिंद कॉलेज उभं करणाऱ्या बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉनच्या विद्यापीठात नाव दाखल केलं होतं, आणि त्यासाठीचं पत्र स्वतः जर्मनमधून लिहिलं होतं. तुला अर्थशास्त्र नाही, दूध कुठं मिळतं एवढंच विचारायचंय.

अप्पांकडे येतो. ते गप्प आहेत कारण त्यांना आकडा माहीत नाही. न कळलेला आकडा नेहमी कळलेल्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. त्यांच्याशी शेतकऱ्याच्या हिशेबात बोल. जर्मनीच्या व्हिसासाठी महिना ९९२ युरो एवढी सोय दाखवावी लागते (हा आकडा मधूनमधून बदलतो, अर्ज करताना बघून घे). सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. युरो शंभर रुपयांचा धरला तर सहा लाखांच्या जरा आत, आणि तो शंभरच्या वरच असतो, म्हणून वर थोडं ठेव. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सहा लाख धरले तर एकशे तेरा क्विंटल. तेही सगळं हमीभावानं गेलं तर, आणि ते कसं जातं ते अप्पांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पण पुढचंही सांग. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात. तुझ्याच नावावर एका बंद खात्यात ठेवायचे, दर महिन्याला ठरलेली रक्कम तुला काढता येते. ड्रेस्डेनमध्ये वसतिगृह मिळालं आणि हात आखडता ठेवलास तर त्यातून थोडे परतही येतील. म्युनिकमध्ये नाही येणार. यातच आरोग्य विमा महिना दीडशे युरोच्या जवळ जातो, तो सक्तीचा आहे. ‘तिथं पार्टटाइम काम करून भागवीन’ असं अप्पांना सांगू नकोस. कायद्यानं वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण भाषा न येणाऱ्या पोरीला चार महिन्यांसाठी कुणी सहसा ठेवत नाही, आणि मिळालंच तर रात्रीची भांडी घासण्यात तुझी प्रयोगशाळा जाईल.

आणि कॉलेजच्या परदेश विभागात हा प्रश्न उद्याच विचार: या तीन करारांपैकी कोणत्या कराराला इरॅस्मस प्लसची शिष्यवृत्ती जोडलेली आहे? असल्या करारात मुलाला महिन्याला आठशेच्या पुढं युरो आणि प्रवासखर्च मिळतो. सगळ्या करारांना ती नसते, जागा एक-दोनच असतात, आणि कॉलेजला आठवण करून दिली नाही तर त्या रिकाम्या जातात. ती म्युनिकला असेल तर वर लिहिलेलं सगळं विसर आणि म्युनिकला जा. ड्रेस्डेनला चार इंग्रजी विषयांची यादी भरली नाही, तरीही म्युनिकलाच जा. फक्त खोली वेगळी घे.

रूममेटला हे कसं सांगायचं याची चिंता दिसते मला. स्पष्ट सांग, की माझा विषय तिकडं आहे. ड्रेस्डेन ते म्युनिक रेल्वेनं चार-पाच तास. महिन्या-दीड महिन्यातून भेटा. तिला सांगायला तुझ्याकडे काहीतरी असेल, तिच्याकडेही. एका खोलीत राहून दोघींना तेच तेच दिसलं असतं.

राहिली आई. विद्यापीठाच्या कँटीनला तिथं मेन्सा म्हणतात. दुपारचं जेवण तीन-चार युरोत होतं, शाकाहारी पदार्थ रोज असतो आणि त्यावर तशी खूण असते. रात्रीचं स्वतः रांधायचं. तुर्की दुकानात हरभरा, राजमा, भेंडी, कोथिंबीर मिळते. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी बाजार. औशाच्या आठवडी बाजाराची सवय इथं उपयोगी पडेल. आईनं साजूक तूप आणि पेढे बांधून दिले तर घेऊ नकोस. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. ताजा कढीपत्ताही चालत नाही, वाळवून घे. काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी ने, घट्ट बांधून, सामानाच्या मोठ्या बॅगेत. फोन आईच्या रात्री नवाला कर, तुझ्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच असतील, प्रयोगशाळेतून निघायची वेळ.

आणि ज्वारीचं पीठ दोन किलोच ने. मी पाच किलो नेलं होतं. महिन्याभरात त्याची विरी गेली, भाकरी थापायला घेतली की कडेनं फाटायची. नाशिकचे साहेब म्हणायचे, ही भाकरी नाही, नकाशा आहे. शेवटी मी त्याचं थालीपीठ केलं, आणि डचांच्या त्या खोलीतला धुराचा अलार्म वाजला.

तुझा,
काका

ता. क. विषयांची यादी हाती आली की मला पाठव. शहराचं नाव काढून पाठव, म्हणजे मला डेल्फ्टची आठवण येणार नाही.